माशाला देवी आल्या तेव्हा

“अरे, माशाला देवी आल्यात की काय?” टाकीच्या काचेला नाक लावून आईनं विचारलं, तेव्हा मला हसू आलं. आईनं लहानपणी देवीची साथ पाहिलेली. आमचा बंड्या म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश. त्याच्या अंगावर मिठाचे कण शिंपडावेत तसे ठिपके उठले होते. तो दगडाला अंग घासत होता, खाण्याकडं बघतही नव्हता. संध्याकाळपर्यंत माझं हसू मावळलं.

आम्ही राहतो हातखंब्याला, मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरीचा रस्ता फुटतो त्या तिठ्याजवळ. इथं लाटांचा नाही, ट्रकच्या हॉर्नचा आवाज येतो. पण रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रातलं मत्स्यालय पाहिल्यापासून मुलीनं ध्यास घेतला आणि घरात शंभर लिटरचा समुद्र आला. पाणी भाट्याच्या किनाऱ्यावरून आणायचं, तेही पावसाळ्याआधी साठवून ठेवायचं. कारण पावसात काजळी नदीचा लोंढा आला की तिथलं पाणी गढूळ होतं आणि त्याचा खारेपणाही उतरतो.

चूक माझीच होती. आठ दिवसांपूर्वी मुंबईहून आणलेला नवा मासा मी पिशवीतून थेट टाकीत सोडला होता. तो आधीच मेला.

पाचव्या दिवशी बंड्याचे ठिपके गेले. मुलीनं टाळ्या पिटल्या. पुढच्या आठवड्यात ते परत आले, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त.

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या एका ओळखीच्या तरुणानं कोडं उलगडून सांगितलं. हा क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एकपेशीय परजीवी. तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत तीन ते सात दिवस पोसला जातो, मग गळून तळाशी कोष करतो. आपल्याला वाटतं, मासा बरा झाला! पण एकेका कोषातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि पुन्हा मासा शोधतात. “काका, आजार माशाला दिसतो, पण असतो टाकीत,” तो म्हणाला.

औषधं दोन. एक तांबं. पण त्याची मात्रा रोज मोजावी लागते, आणि खेकडे-शंखांना ते विषच. दुसरं औषध आमच्या विहिरीत होतं! गोड्या पाण्यातल्या माशाला असे ठिपके आले तर मीठ घालतात. समुद्रातल्या माशाला उलट गोडं पाणी. बंड्याला वेगळ्या, वाळू नसलेल्या टाकीत हलवलं. लपायला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा ठेवला. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. दोन-तीन दिवसांत ते पंधराच्या खाली आणले. इतक्या फिक्या पाण्यात मासा तग धरतो, परजीवी सहसा धरत नाही. आमच्या जांभ्यातलं पाणी किंचित आंबट, म्हणून चिमूटभर खायचा सोडा. शिवाय रोज थोडं पाणी बदलायचं, कारण नव्या टाकीत अमोनिया साठतो.

जून उजाडला आणि वीज जाऊ लागली. हवेचा पंप बंद पडला की मगानं पाणी उचलून वरून ओतायचं. एका रात्री दोनला उठलो, तर आई कंदिलाच्या उजेडात तेच करत बसलेली. “झोप तू,” म्हणाली, “उद्या ऑफिस आहे तुला.”

मोठी टाकी दोन महिने माशाविना चालू ठेवली. खायला मासा मिळाला नाही की परजीवी उपाशी मरतो. फक्त खेकडे फिरत होते. मुलगी रोज शाळेतून आल्यावर त्या ओस टाकीसमोर बसायची.

बंड्या तीन आठवड्यांत खाऊ लागला. पाणी हळूहळू पुन्हा खारं केलं आणि ऑगस्टमध्ये तो घरी परतला.

आता नवा मासा आला की महिनाभर वेगळ्या टाकीत राहतो. मुलीनं त्या टाकीवर चिठ्ठी चिकटवली आहे: ‘पाहुण्यांची खोली’. आणि ठिपके गेले म्हणून आमच्या घरात आता कुणी टाळ्या वाजवत नाही. आम्ही दिवस मोजतो.