मिग-२१ : पराक्रम आणि परवड

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगड येथे मिग-२१ या लढाऊ विमानास भारतीय हवाई दलाने समारंभपूर्वक निरोप दिला. आणि ज्या विमानाने सहा दशकांहून अधिक काळ या देशाच्या आकाशाची राखण केली, त्याच्या पराक्रमाचा व त्याच्यापायी झालेल्या प्राणहानीचा हिशेब एकाच कागदावर मांडण्याचे कर्तव्य त्या दिवसापासून आपल्या शिरावर आले.

मिकोयान आणि गुरेविच यांच्या संस्थेने हे विमान आरेखिले ते एका मर्यादित कार्यासाठी. अतिउंचावरून येणाऱ्या शत्रूच्या बॉम्बफेकी विमानांना अल्पावधीत गाठून अडवावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती; म्हणून त्यास त्रिकोणी पंख, एकच इंजिन, बेताचा इंधनसाठा आणि ध्वनीच्या दुपटीचा वेग लाभला. १९६२ साली सोव्हिएत संघाशी करारमदार झाले, १९६३ मध्ये पहिली विमाने चंदिगडच्या २८ क्रमांकाच्या तुकडीत दाखल झाली, आणि पुढे नाशिकजवळच्या ओझर येथे सांगाडा, ओरिसातील कोरापुट येथे इंजिन व हैदराबाद येथे इलेक्ट्रॉनिक उपकरणे अशी कामाची वाटणी होऊन सहाशेहून अधिक विमाने याच देशात घडली. ओझर ज्यात येते त्या निफाड तालुक्यातील कित्येक कुटुंबांच्या दोन पिढ्या तेथील विमान-कारखान्यावर पोसल्या आणि तेथेच सूक्ष्म यंत्रकर्मात निष्णात झाल्या, ही महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील लहान गोष्ट नव्हे.

१९७१ च्या युद्धात या विमानांनी ढाक्याजवळच्या तेजगावची धावपट्टी निकामी केली, जामनगरच्या बाजूस पाकिस्तानचे एफ-१०४ जातीचे विमान पाडले, आणि १४ डिसेंबर रोजी पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरांच्या ढाक्यातील निवासावर असा अचूक मारा केला की गव्हर्नर मलिक यांनी तत्काळ राजीनामा लिहून दिला.

परंतु ज्या गुणांमुळे हे विमान आकाशात प्रबळ ठरले, तेच गुण जमिनीजवळ येताना वैमानिकाच्या जिवावर उठत. आखूड त्रिकोणी पंखांमुळे त्यास तासाला तीनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने उतरावे लागे. समोरचे दृश्य लांबट नाकाआड बरेचसे झाकले जाई. आणि एकुलत्या एका इंजिनात पक्षी शिरला अथवा बिघाड उद्भवला, तर वैमानिकास विचार करण्यास काही क्षणच उरत. मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ विमाने एप्रिल २०१२ पर्यंत अपघातात नष्ट झाली आणि १७१ वैमानिक प्राणास मुकले, असे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी त्या वर्षी राज्यसभेत सांगितले.

या हानीचा सारा दोष यंत्राच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. मंदगती किरण विमानावर शिकलेल्या विशीतल्या तरुणास एकदम या वेगवान विमानात बसवावे लागे; मधल्या पायरीसाठी प्रगत प्रशिक्षण-विमान घ्यावे, अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ मध्येच केली होती, तरी ‘हॉक’ विमाने बिदरच्या तळावर रुजू होण्यास २००८ साल उजाडले. वारसदार म्हणून १९८३ मध्ये संकल्पिलेले स्वदेशी हलके लढाऊ विमान ‘तेजस’ या नावाने पहिल्या तुकडीत आले ते २०१६ मध्ये; आणि त्या दीर्घ दिरंगाईत ‘बायसन’ या सुधारित रूपात नवे रडार व नवी क्षेपणास्त्रे चढवून जुन्याच सांगाड्याकडून काम घेत राहणे भाग पडले.

शत्रूशी झुंजताना आलेले मरण सैनिक स्वखुशीने पत्करतो. पण सव्वीस वर्षे दप्तरात पडून राहिलेल्या शिफारशीपायी सरावातच ओढवणारे मरण त्याने पत्करलेले नसते, आणि त्याची जबाबदारी तरतूद लांबवणाऱ्या प्रत्येक अंमलदाराकडे व ती लांबू देणाऱ्या आपणा सर्वांकडे जाते. मिग-२१ च्या वैमानिकांविषयी खरी कृतज्ञता बाळगावयाची असेल, तर पुढील विमानाची मागणी, त्याचे प्रशिक्षण आणि त्याची निवृत्ती यांचे वेळापत्रक आरंभीच ठरवावे व कसोशीने पाळावे.