सायंकाळचा फांट आणि मद्याची वेळ

मद्यजन्य विकारांचा विचार आपल्या शास्त्रकारांनी मोठ्या गांभीर्याने केला आहे. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा २४वा अध्याय मदात्ययासाठी, तर सुश्रुतसंहितेत उत्तरतंत्राचा ४७वा अध्याय पानात्ययासाठी राखून ठेवलेला आहे. दवाखान्यात मात्र हा विषय बहुधा एका साध्या वाक्यातून समोर येतो : "डॉक्टर, संध्याकाळी दारूऐवजी घेता येईल असं काहीतरी द्या." या मागणीस वनौषधींचा चहा, म्हणजेच आपला फांट, हे योग्य उत्तर आहे काय, आणि असल्यास कोणासाठी, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

मद्याची वेळ

शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांत दिवस संपतो तो शरीर थकवूनच. रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतून पाळी संपवून निघालेला कामगार, दौंड जंक्शनवरील कर्मचारी, ऊसतोडणी करणारा मजूर, गुऱ्हाळावर दिवसभर चुलवाणाच्या धगीत उभा राहिलेला गुळव्या, या सर्वांस सायंकाळी तहान, भूक आणि सोबत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. काम संपल्यापासून जेवणापर्यंतचे दोन तास हीच मद्याची वेळ होय.

आठवड्यातून दोन-तीनदा सवयीने पिणाऱ्या रुग्णांत सायंकाळच्या फांटाचा उपयोग होतो, असे आमच्या पाहण्यात आले आहे. परंतु त्याचे श्रेय एखाद्या द्रव्याच्या प्रभावास देणे उचित नव्हे. हातात गरम पेला असतो, जिभेस चव मिळते, घरचे माणूस समोर बसते आणि ती वेळ निघून जाते. यास्तव आम्ही तीन गोष्टी एकत्र सांगतो : घरी पोहोचताच पाणी व थोडे खाणे, नंतर फांट, आणि जेवण नेहमीपेक्षा तासभर आधी. रिकाम्या पोटी घेतलेला फांट फारसा टिकत नाही. भुकेला मनुष्य पुन्हा अड्ड्याकडे वळतो.

द्रव्यांची निवड

उष्ण, तीक्ष्ण, अम्ल, रूक्ष इत्यादी दहा गुणांनी मद्य ओजाच्या विरुद्ध ठरते, हे आपण सर्व जाणतो. असे असता मद्य सोडणाऱ्यास मिरी, पिंपळी व सुंठ यांचा जहाल काढा देणे सयुक्तिक नाही. यांपैकी अनेकांस अम्लपित्त असते व काढ्याने ते वाढते.

धने, बडीशेप, काळ्या मनुका व गवती चहा हा आमचा नेहमीचा पाठ आहे. हेमंतात त्यात चिमूटभर सुंठ व तुळस घालावी. शार्ङ्गधरोक्त फांटात द्रव्याच्या चौपट उष्ण जल सांगितले आहे. रोजच्या पेयासाठी तो फार तीव्र होतो, म्हणून २०० मिली उकळत्या पाण्यात दोन चमचे भरड पुरे. सुगंधी द्रव्ये उकळीत राहू नयेत. वरून पाणी ओतून दहा मिनिटे झाकून ठेवावे, म्हणजे गंध टिकतो. ग्रीष्मात मात्र गरम पेयाचा आग्रह नको. खजूर, द्राक्षा, डाळिंब, चिंच, आमलकी आदींचा खर्जूरादि मंथ शास्त्रकारांनी मद्यविकारांतच सांगितला आहे.

चहापत्ती टाळावी. रात्री झोप न लागणे हे पुन्हा पिण्याचे मोठे कारण असते. रक्तदाब असल्यास ज्येष्ठमध रोज देऊ नये. गुळवेलीसंबंधीही सावधगिरी हवी. तिच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या मुंबईतील सहा रुग्णांचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला व आयुष मंत्रालयाने त्याच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला. वाद कोणत्याही बाजूने सुटो, मद्याने आधीच दुखावलेल्या यकृतावर रोजचा प्रयोग करण्याचे कारण नाही.

फांट कोणास पुरेसा नाही

येथेच वैद्याची खरी जबाबदारी आहे. रोज पिणाऱ्या रुग्णास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. सकाळी उठल्यावर घ्यावी लागते काय? न घेतल्यास हात कापतात काय? पूर्वी सोडताना झटका आला किंवा भ्रम झाला होता काय? एकाही प्रश्नास होकार आल्यास त्यास फांट देऊन घरी पाठवू नये. अशा रुग्णाने मद्य एकाएकी बंद केल्यास पहिल्या ४८ तासांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कंप, ज्वर व भ्रम ही लक्षणे दिसू शकतात, आणि त्यांत मृत्यूही संभवतो. चरकाचार्यांनी अहितकर सवय क्रमाक्रमाने सोडण्याचा पादांशिक क्रम सांगितला आहे. तथापि अशा रुग्णात तोही रुग्णालयाच्या देखरेखीखालीच व्हावा. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण कार्यरत आहे, आणि १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. फांटाचे स्थान त्यानंतरचे आहे.

सोडलेले मद्य एकदम अतिमात्रेत पुन्हा घेतल्याने ध्वंसक व विक्षय होतात, असे चरकाचार्य सांगतात. म्हणून रुग्ण घसरला तरी त्याने दवाखान्यात यावे, इतका विश्वास आपण राखला पाहिजे.

औषधालयाच्या फळीवर

एका रुग्णाने मद्य सोडले, आणि अशक्तपणासाठी एका दुकानातून मिळालेल्या अरिष्टाची अख्खी बाटली तो दोन दिवसांत संपवू लागला. घरचे समाधानी होते, कारण ते 'औषध' होते. आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्क साधारणतः ५ ते १० टक्के असतो. ८ टक्के धरल्यास ४५० मिलीच्या बाटलीत ३६ मिली मद्यार्क होतो. ४२.८ टक्के तीव्रतेच्या ९० मिली विलायती दारूत तो ३८ मिलीच्या आसपास असतो. हिशेब पुरेसा बोलका आहे. शिवाय डायसल्फिराम घेणाऱ्यास आसवाच्या अल्प मात्रेनेही धडधड, उलटी व रक्तदाब घसरणे असा उपद्रव होऊ शकतो. म्हणून औषधालयचालकांनी द्राक्षासव वा तत्सम कल्प देण्यापूर्वी "दारू सोडण्याची गोळी चालू आहे काय?" एवढे विचारावे. वैद्यांनीही अशा रुग्णास चूर्ण, वटी वा फांट हेच कल्प लिहावेत. जेवणात नकळत मिसळण्याच्या पुड्या तर दुकानात ठेवूच नयेत. रुग्णाच्या संमतीवाचून दिलेले द्रव्य ही चिकित्सा नव्हे.

गावाची दारूबंदी आणि वैद्य

शिरूरलगतच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने १९७५ नंतरच्या काळात दारूबंदी केली. पुढे २००८ च्या शासन आदेशाने महिलांच्या मतदानाद्वारे 'बाटली आडवी' करण्याचा मार्ग खुला झाला. आमच्या भागातील ज्या गावात असे मतदान यशस्वी होईल, तेथील वैद्याने पुढील आठवडा विशेष जागरूक राहावे. दुकान एका दिवसात बंद होते, परंतु अवलंबून असलेल्या शरीराची सवय एका दिवसात बंद होत नाही. ग्रामसभेत आधीच कंप, भ्रम व झटके या लक्षणांची माहिती द्यावी आणि अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेण्याची व्यवस्था ठरवून ठेवावी.

सारांश, फांट हा मद्याच्या वेळेवरचा उपाय आहे, मद्याने जडलेल्या व्याधीवरचा नव्हे. हा भेद ओळखून दिला तर धने-बडीशेपेचा एक पेला पुष्कळ घरांची सायंकाळ वाचवू शकेल. वैद्यबंधू-भगिनींनी या तीन प्रश्नांची चिठ्ठी आपल्या मेजावर व औषधालयात लावावी, ही विनंती.