हजेरीपटावरील माणसाचे म्हातारपण

भंडारदऱ्याच्या धरणाला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव मिळाले, तर जलाशयाला आर्थर हिल या अभियंत्याचे. प्रवरेवरील हे दगडी धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. सोळा वर्षे दगड फोडणारा आणि चुन्यात बसवणारा मजूर मात्र इतिहासाला अनामिकच राहिला.

ही गोष्ट केवळ इंग्रजी अमदानीची नव्हे. राहुरी तालुक्यातील २६ टीएमसीचे मुळा धरण स्वातंत्र्योत्तर काळात उभे राहिले. मातीच्या धरणाचे काम थराथराने चालते. माती टाकावी, पाणी मारावे, दाबावी. मग पुढचा थर. यंत्रे आली तरी दगड फोडणे, पिचिंग रचणे, पाट्या वाहणे ही कामे हातांचीच राहिली. मुकादमाची उचल घेऊन कुटुंबासह कामावर यावयाचे, पालात राहावयाचे, धरण झाले की कालव्यावर आणि कालवा झाला की रस्त्यावर जावयाचे, असा या मजुराचा जीवनक्रम होता. १९७२ च्या दुष्काळात तर शेतकरीही खडी फोडावयास आला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. त्या घामातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा जन्मास आला.

प्रवरेच्या पाण्याने उसाचा पट्टा फुलला. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. धरणाचा लाभ जमीनधारकास दर हंगामी मिळतो. मजुराचा मोबदला मात्र आठवड्याच्या पगाराबरोबर संपला.

मजुरी दिली, हिशेब मिटला, असे यावर म्हटले जाईल. परंतु वेतन अभियंत्यालाही मिळाले होते आणि हजेरीपट लिहिणाऱ्या सरकारी कारकुनालाही. त्यांना वेतनानंतर निवृत्तिवेतनही मिळाले. ज्याने हजेरी लिहिली त्याचे म्हातारपण शासनाने सांभाळले. ज्याची हजेरी लिहिली त्याचे नाही. मजुराची निवृत्तीची तारीख सेवापुस्तकाने नव्हे, पाठीच्या कण्याने ठरवली.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राचा कायदा झाला. महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये आले. नोंदणीसाठी वय अठरा ते साठ आणि मागील वर्षात नव्वद दिवस काम, ही अट आहे. १९६८ मध्ये पंचवीस वर्षांचा असलेला मजूर २००३ मध्येच साठीला पोहोचला. म्हणजे ज्या पिढीने धरणे बांधली, तिच्यासाठी हे दार उघडण्यापूर्वीच बंद झाले होते. आज तिला मदत मागावयाची तर निराधार म्हणून मागावी लागते, कामगार म्हणून नव्हे.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. निराधाराला दया मिळते, कामगाराला हक्क. या पिढीतील हयात असलेल्या वृद्धांची गावोगाव नोंद व्हावी. जुने हजेरीपट न सापडल्यास ग्रामसभेची साक्ष पुरावा मानावी आणि बांधकाम उपकरातून त्यांना निवृत्तिवेतन द्यावे. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल, ती करावी. ही माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. धरणाचे आयुष्य शतकांनी मोजतात. यांच्या बाबतीत मात्र शासनाने वर्षे नव्हे, महिने मोजले पाहिजेत.