आमदार ठरतो यादीपासून
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चौकच्या नाक्यावर एस.टी.ची वाट पाहणाऱ्या एखाद्या गृहस्थांना विचारा, "भाऊ, तुमचा तालुका कोणता?" ते लगेच सांगतील, "खालापूर." मग विचारा, "आणि विधानसभेचा मतदारसंघ?" इथं उत्तर वेगळं येतं : उरण! तहसीलदार कचेरी घाटाच्या पायथ्याशी आणि आमदार समुद्राकाठच्या उरणचा. १९ जुलै २०२३ च्या रात्री जिच्यावर दरड कोसळली ती इर्शाळवाडी याच चौकच्या परिसरातली. तालुका खालापूर, पण मतदारसंघ उरण. त्याच तालुक्यातल्या खोपोलीचा माणूस मात्र मत देतो कर्जतला.

तालुक्याची वेस आणि मतदारसंघाची वेस या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तालुका महसुलासाठी असतो, मतदारसंघ माणसं मोजून आखला जातो. २००८ पर्यंत आपल्या भागाचा मतदारसंघ खालापूर या नावानं ओळखला जाई. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगानं २००१ ची जनगणना समोर ठेवून सीमा नव्यानं आखल्या. रायगड जिल्ह्याच्या जागा पूर्वीसारख्याच सात राहिल्या : पनवेल, कर्जत, उरण, पेण, अलिबाग, श्रीवर्धन आणि महाड. खालापूर हे नाव मात्र गेलं आणि कर्जत हे नाव आलं. संपूर्ण कर्जत तालुका आणि खोपोलीसह खालापूरचा काही भाग मिळून हा १८९ क्रमांकाचा मतदारसंघ झाला. चौक आणि रसायनीकडचा पट्टा उरणला जोडला गेला.

लोकसभेची गंमत तर आणखी पुढची. कर्जत, पनवेल आणि उरण हे तीन मतदारसंघ घाट चढून मावळ, चिंचवड आणि पिंपरीला जाऊन मिळतात आणि त्या सहांचा मिळून एक खासदार होतो. म्हणजे कर्जतकराचं जिल्ह्याचं काम अलिबागला आणि खासदार मावळचा. हे सगळं ध्यानात ठेवायचं ते एवढ्यासाठी की कोणता प्रश्न कुणाच्या दारात न्यायचा, हे वेळेवर कळावं.

आता मतदार कोण, ते पाहू. स्वातंत्र्यापूर्वी हा हक्क सगळ्यांना नव्हता. कर, मालमत्ता, शिक्षण अशा अटी होत्या. माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल तिथल्या नगरपालिकेत निवडून गेले होते, तो काळ असा मोजक्यांच्या मतांचा. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, आदिवासी वाडीवरच्या बाईच्या बोटालाही शाई लागली. तेव्हा वयाची अट २१ वर्षांची होती, १९८९ पासून ती १८ झाली.

पण नुसतं वय पुरत नाही. मतदार यादीत नाव लागतं, आणि ते जिथं आपण सर्वसाधारणपणे राहतो तिथंच लागतं. हा "सर्वसाधारण रहिवास" म्हणजे काय, ते १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात सांगितलं आहे. त्यातली दोन वाक्यं आपल्या भागाला अगदी नेमकी लागू पडतात. पहिलं असं की, एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. दुसरं असं की, कुणी आपल्या राहत्या ठिकाणाहून काही काळ बाहेर गेला, तर तेवढ्यानं त्याचा तिथला रहिवास संपत नाही.

आता जरा कर्जत-खालापूरचं चित्र डोळ्यांसमोर आणा. नेरळपासून कशेळेपर्यंत मुंबईकरांची फार्महाऊस उभी राहिली आहेत. शनिवारी दिवे लागतात, रविवारी रात्री कुलपं. त्या मालकाचं नाव मुंबईच्या यादीत असेल तर ते तिथंच राहिलं पाहिजे. एका माणसाचं नाव दोन यादींत असू शकत नाही. दुसऱ्या बाजूला आहे कातकरी कुटुंब. दिवाळी झाली की पोराबाळांसह, कोंबड्यांसह ते वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातं. पावसाच्या तोंडावर परत येतं. त्याच्याही झोपडीला सहा-सात महिने कुलूपच असतं, किंवा दाराला नुसती काटकी लावलेली असते. बाहेरून पाहिलं तर दोन्ही घरं बंद. पण कायद्याच्या नजरेत फार्महाऊसचा मालक इथला मतदार होत नाही आणि भट्टीवर गेलेला कातकरी इथला मतदारच राहतो. एवढा विचार कायद्यानं केला आहे. तो अमलात येतो का, हा खरा प्रश्न.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. शिक्षक म्हटलं की निवडणुकीची ड्यूटी आलीच. एका निवडणुकीत मी केंद्राध्यक्ष होतो. दुपारच्या सुमारास एक कातकरी बाई आल्या. दोन डोंगर उतरून आलेल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं मतदार ओळखपत्र काढलं. पहिल्या मतदान अधिकाऱ्यानं यादी चाळली. नाव नाही. पुरवणी यादी पाहिली. त्यातही नाही. वगळलेल्या नावांत मात्र होतं, "स्थलांतरित" अशा शेऱ्यासह. पडताळणीला माणूस गेला तेव्हा घर बंद होतं, एवढंच झालं असणार. बाई म्हणाल्या, "गुरुजी, कार्ड आहे की माझं. फोटो बघा, मीच हाय." फोटो त्यांचाच होता. पण नियम असा, की कार्डानं ओळख पटते, मत देण्याचा हक्क यादीतल्या नावानं मिळतो. त्या बराच वेळ बाकावर बसून राहिल्या आणि मग आल्या वाटेनं परत गेल्या. इतकी वर्षं झाली, ती पाठमोरी बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

वास्तविक कुणी कायमचं गाव सोडून गेलं असं समजून नाव काढायचं असेल, तर त्या माणसाला आधी आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ही संधी कागदावर राहू नये, यासाठी शेजारीपाजारी, पोलीसपाटील, अंगणवाडीताई यांनी दोन शब्द सांगितले तरी पुष्कळ होतं. "गेले नाहीत, भट्टीवर गेलेत," एवढंच तर सांगायचं असतं.

उमेदवाराचे नियम त्या मानानं सोपे आहेत. वय २५ पूर्ण हवं. राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं तरी चालतं, कर्जतमध्येच राहायला हवं असं नाही. अनामत रक्कम दहा हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला पाच हजार. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं पडली नाहीत, तर ती जप्त होते. कर्जतची जागा सर्वसाधारण आहे, राखीव नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्य घेऊन पथकं निघतात. माथेरानच्या वाटेवर मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात, तिथून पुढची तजवीज वेगळी. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होतं, म्हणजे यंत्राची रंगीत तालीम. निदान पन्नास मतं टाकून, मोजून, ती पुसून मग यंत्र सील होतं. मत दिल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते. ती जरूर पाहावी. आणि वेळ संपताना जे रांगेत उभे असतात, त्या सर्वांना मत देता येतं. रांगेतल्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून चिठ्ठ्या वाटतात, म्हणजे मागून कुणी शिरू नये.

मोजणीत नियम एकच : ज्याला सर्वांत जास्त मतं, तो आमदार. निम्म्याहून जास्त मतं मिळालीच पाहिजेत, अशी अट नाही. आपल्याच मतदारसंघाचा अनुभव पाहा. २००९ साली सुरेश लाड इथून निवडून आले. २०१४ मध्ये राज्यातले चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले. मतं अनेक ठिकाणी विभागली. राष्ट्रवादीच्या लाडांनी तेव्हा शेतकरी कामगार पक्षाकडून उभ्या असलेल्या महेंद्र थोरवे यांना दोन हजारांहूनही कमी मतांनी हरवलं. २०१९ मध्ये थोरवे शिवसेनेकडून उभे राहिले आणि सुमारे १८ हजारांनी लाडांवर विजयी झाले. २०२४ ला पुन्हा चुरस. शिवसेनेचे थोरवे, अपक्ष सुधाकर घारे आणि उद्धव ठाकरे यांच्या पक्षाचे नितीन सावंत अशी तिरंगी लढत झाली आणि थोरवे पावणेसहा हजारांच्या आसपास मताधिक्यानं निवडून आले. मतदार तीन लाखांहून अधिक, आणि फरक एवढासा!

एका मतदान केंद्राच्या यादीत साधारण हजार-दीड हजार नावं असतात. म्हणजे २०१४ चा निकाल ज्या मतांवर फिरला, ती दोन केंद्रांच्या यादीत मावतील. ती मतं कुणाच्या पारड्यात पडली असती, हा आपला विषय नाही. पण वाड्यावाड्यांवरची वगळलेली, राहून गेलेली, भट्टीवर अडकलेली नावं एकत्र केली, तर ती अशा निकालापुढे क्षुल्लक म्हणता येणार नाहीत.

इथं आणखी एक गोष्ट सांगतो, ती पंचांगातली आहे. २००९ ला मतदान १३ ऑक्टोबरला झालं, २०१४ ला १५ ऑक्टोबरला, २०१९ ला २१ ऑक्टोबरला. तिन्ही वेळा दिवाळी मतदानानंतर आली. भट्टीचा हंगाम सुरू व्हायचा होता, वाडी वाडीवरच होती. २०२४ ला मात्र लक्ष्मीपूजन नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी होऊन गेलं आणि मतदान आलं २० नोव्हेंबरला. दिवाळी आधी, मतदान मागाहून. मालकाकडून उचल घेतलेल्या माणसाला एका दिवसासाठी परत येणं म्हणजे मजुरी बुडवणं आणि गाडीभाड्याची खोट. सैनिकाला टपालानं मत देता येतं. ८५ वर्षांच्या आजोबांना घरी बसून मत देण्याची सोय झाली आहे. भट्टीवरच्या मजुराला तशी सोय नाही. दूर राहणाऱ्या मतदारांसाठी एक यंत्र निवडणूक आयोगानं २०२३ च्या जानेवारीत राजकीय पक्षांपुढे ठेवलं होतं, पण २०२४ ची निवडणूक त्याच्याशिवायच झाली.

मग आपल्या हातात काय आहे? यादी आहे. नाव घालायला नमुना ६, वगळण्यासाठी किंवा चुकीच्या नावावर हरकतीसाठी नमुना ७, पत्ता बदलायला वा दुरुस्तीला नमुना ८. पूर्वी १ जानेवारीला १८ पूर्ण झालेल्यांचीच नोंद व्हायची. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार महिन्यांच्या पहिल्या तारखा धरल्या जातात. मात्र उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली, की यादीचं दार बंद होतं. मग कितीही धावपळ केली तरी उपयोग नाही.

तेव्हा एक विनंती. पावसाळ्यात सगळी वाडी घरी असते. आवणीची कामं उरकली की एखाद्या संध्याकाळी मतदान केंद्राची यादी समाजमंदिरात मोठ्यानं वाचावी. आपलं नाव ऐकू आलं नाही, तर त्याच आठवड्यात बीएलओंना गाठावं. दिवाळीपर्यंत थांबू नये. माझ्या केंद्रावरून परत गेलेल्या त्या बाईंच्या वाडीत कुणी अशी यादी वाचली असती, तर ते दोन डोंगर त्या वाया चढल्या-उतरल्या नसत्या.