विश्लेषण : पक्षाघाताच्या रुग्णाला ‘रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का’ असे का विचारतात?

पक्षाघाताचा रुग्ण आणताच डॉक्टर नातेवाईकांना हा प्रश्न विचारतात. त्याचे एक मूळ १९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या औषधचाचणीत आहे.

ही चाचणी कशाची?
मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेस या औषधाची. झटक्यानंतर तीन तासांच्या आत ६२४ पैकी निम्म्या रुग्णांना औषध, तर निम्म्यांना निष्क्रिय द्रव्य देण्यात आले. तीन महिन्यांनी अपंगत्व जवळजवळ न उरण्याची शक्यता औषध घेतलेल्यांत किमान ३० टक्क्यांनी अधिक दिसली. १९९६ मध्ये तेथे औषधाला मान्यता मिळाली. आज ते साडेचार तासांपर्यंत देता येते.

कोणाला प्रवेश नव्हता?
रक्त गोठण्याची क्षमता कमी असलेल्यांना. प्लेटलेट एक लाखाहून कमी (सामान्यतः दीड ते साडेचार लाख), किंवा रक्त गोठायला लागणारा ‘प्रोथ्रोम्बिन टाइम’ १५ सेकंदांपेक्षा जास्त असल्यास रुग्ण अपात्र ठरत असे. रक्त पातळ करणारी औषधे घेणारेही बाद. एवढी गाळणी लावूनही मेंदूत त्रासदायक रक्तस्राव औषध घेतलेल्या ६.४ टक्के रुग्णांत झाला. दुसऱ्या गटात ०.६ टक्के.

आज त्याचा संबंध काय?
चाचणीची गाळणी पुढे उपचाराच्या नियमांत उतरली. ‘आयएनआर’ १.७ पेक्षा जास्त असल्यास हे औषध सहसा देत नाहीत. निरोगी व्यक्तीचा आयएनआर साधारण १ असतो. वॉरफॅरिन घेणाऱ्यांचा बहुधा २ ते ३ ठेवतात. म्हणजे गोळी नेमाने घेणारा रुग्ण आपोआप बाद होतो. मात्र मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी नळीद्वारे काढण्याचा पर्याय अशा काही रुग्णांना खुला असतो.

मग अहवालाची वाट पाहतात का?
दरवेळी नाही. रक्त गोठण्यात दोष असल्याची शंका नसेल, तर अहवाल येण्याआधीच औषध सुरू करता येते, कारण प्रत्येक मिनिटाला मेंदूच्या पेशी मरत असतात. ही शंका आहे की नाही, हे बरेचदा नातेवाईकांच्या उत्तरावर ठरते.

घरच्यांनी काय करावे?
गोळीचे नाव, शेवटचा डोस कधी घेतला आणि शेवटचा आयएनआर किती, हे मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. भीतीपोटी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. ती बहुधा पक्षाघात टाळण्यासाठीच दिलेली असते.