खेळांच्या संगणकाची स्मृती: वाढ केव्हा आणि किती?

संगणकाची स्मृती वाढविली की त्याचा वेग वाढतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती असत्य नाही, परंतु अपुरी आहे. आणि संगणकीय खेळांसाठी घरी ठेवलेल्या संगणकाच्या बाबतीत ह्या अपुरेपणाची किंमत रोख मोजावी लागते. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संगणनकेंद्रांची मागणी वाढल्याने रॅमच्या किमती जगभर झपाट्याने चढल्या. बेताच्या पैशात संगणक जुळविणाऱ्या विद्यार्थ्याला चुकीची खरेदी परवडणारी नाही. वाढीव स्मृतीचा उपयोग होईल की नाही हे खरेदीपूर्वीच ठरविता येते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न नवा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक फेराइटच्या कड्यांत २०४८ शब्द साठवीत असे. प्रत्येक शब्द ४० अंकस्थानांचा. म्हणजे एकूण स्मृती अवघी १०,२४० बाइट. आजच्या ८ जीबी रॅमची साठवण तिच्या आठ लाखांहून अधिक पट आहे. तरीही कामाला लागणारी सामग्री हाताशी मावते की नाही, ही अडचण दोन्ही यंत्रांना समान आहे. मँचेस्टर येथील अ‍ॅटलास संगणकाने १९६२ मध्ये तिच्यावर एक युक्ती योजिली. सामग्रीची समान आकाराची पृष्ठे पाडावयाची, हवी ती पृष्ठे मुख्य स्मृतीत आणावयाची व उरलेली दुय्यम साठ्यात ठेवावयाची. पुढे १९६८ मध्ये पीटर डेनिंग ह्यांनी ह्या व्यवस्थेची मर्यादा दाखवून दिली. कोणताही कार्यक्रम एका लहान कालखंडात आपल्या पृष्ठांपैकी काही थोडीच वापरतो. ह्या पृष्ठसमूहास ‘कार्यसंच’ म्हणता येईल. कार्यसंच स्मृतीत मावला तर काम सुरळीत चालते. न मावला तर यंत्राचा वेळ पृष्ठांच्या ने-आणीतच खर्ची पडतो.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील वाचकास हे प्रवरेच्या पाटव्यवस्थेवरून सहज उमजेल. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले. त्याची साठवण सुमारे ११ अब्ज घनफूट आहे. परंतु धरणातील पाणी थेट शेतात जात नाही. ते नदीतून संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांनी पुढे जाते. संगणकातील डिस्क म्हणजे धरण होय: साठा मोठा, पण अंतर लांबचे. रॅम म्हणजे बंधारा, कालवे म्हणजे स्मृती व प्रोसेसर ह्यांमधील वाहिन्या, आणि प्रोसेसर म्हणजे शेत. बंधाऱ्यात पाणी नसेल तर धरण भरलेले असूनही पिकाला आवर्तनाची वाट पाहावी लागते. उलट, बंधारा काठोकाठ भरलेला असेल आणि कालवाच अरुंद असेल, तर बंधाऱ्याची उंची वाढवून शेतास अधिक पाणी मिळणार नाही.

ही वाट पाहणे किती महाग पडते, ते आकड्यांवरून स्पष्ट होते. रॅममधील माहिती मिळण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एसएसडीवरून सुमारे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. दर हजार मागण्यांपैकी एकच एसएसडीवर गेली, तरी सरासरी वेळ १०० वरून सुमारे २०० नॅनोसेकंद होतो. हार्ड डिस्क असल्यास तेवढ्याच हानीस लाखात एक मागणी पुरते. खेळात तर सरासरीही फसवी ठरते. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची असता एका चित्रास १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यांतील १० एका फेरीतच गेले, तर ते चित्र वेळेवर तयार होणे कठीण. म्हणून स्मृतीच्या तुटवड्याचे लक्षण सर्वकाळचा मंदपणा हे नसून, मधूनच बसणारा हिसका हे आहे.

ह्यावरून परीक्षेची रीत निघते. नेहमीचा खेळ, त्यासोबत उघडे राहणारे ब्राउझर व संभाषणाची साधने ही सर्व चालू ठेवून तासभर खेळावे आणि टास्क मॅनेजर पाहावा. स्मृती भरत आलेली आहे, त्याच वेळी डिस्कची धावपळ वाढते आहे आणि नव्या दृश्यात शिरताना हिसके बसत आहेत, अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसल्यास कार्यसंच मावत नाही असे समजावे. केवळ स्मृती भरलेली दिसणे हा पुरावा नव्हे. मोकळी जागा मिळाली की कित्येक खेळ ती व्यापतातच. स्मृती शिल्लक असून ग्राफिक्स कार्ड पूर्ण क्षमतेने राबत असेल, तर रॅम वाढविण्याने पदरी काही पडणार नाही.

आता कालव्यांचा विचार. डीडीआर४-३२०० जातीची एक वाहिनी सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहू शकते. दोन वाहिन्या ५१.२ जीबी. ८ जीबीची एकच पट्टी असलेल्या संगणकात तशीच दुसरी बसविली, तर साठा आणि वाहिन्या दोन्ही दुप्पट होतात. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात चित्रनिर्मितीचा भागही ह्याच रॅमवर अवलंबून असल्याने तेथे हा लाभ ठळक दिसतो. मात्र पट्ट्या योग्य खाचांत हव्यात. चार खाचांच्या मदरबोर्डवर दोन पट्ट्यांसाठी बहुधा प्रोसेसरपासून दुसरी व चौथी खाच सांगितलेली असते. माहितीपुस्तिका पाहून खात्री करावी.

डीडीआर४ व डीडीआर५ ह्या पट्ट्यांवर प्रत्येकी २८८ संपर्कबिंदू असले, तरी त्यांची खाच व विद्युत्-रचना भिन्न आहे; एकीच्या जागी दुसरी बसत नाही. निरनिराळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र आल्यास सर्वांना सर्वांत मंद पट्टीच्या वेगाने चालावे लागते. वेष्टनावर छापलेला वेगही पुष्कळदा आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो ही योजना चालू करावी लागते. पट्टी बसविण्यापूर्वी वीजजोडणी काढावी व धातूच्या पेटीस स्पर्श करून अंगावरील स्थिरविद्युत् घालवावी. नंतर स्मृतिपरीक्षेचा कार्यक्रम रात्रभर चालवून पाहणे इष्ट; सदोष पट्टी खेळ बंद पाडते, तशी साठविलेली माहितीही बिघडवू शकते.

सारांश, स्मृतीची वाढ हा वेगाचा उपाय नसून तुटवड्याचा उपाय आहे. कार्यसंच मावेपर्यंत वाढीचा प्रत्येक टप्पा उपयोगी पडतो. तो मावल्यानंतर पुढील वाढीचे फळ जवळजवळ शून्यावर येते. तो बिंदू तासाभराच्या निरीक्षणाने कळतो, आणि त्या तासाला काही खर्च येत नाही.