गाडीवर छप्पर, छपरावर वीज

सायकल असो की मोटारसायकल, उन्हापावसात उभी राहिली की ती लवकर जुनी होते. साखळी गंजते, सीट फाटते, टायर तडकतात. म्हणून परसात गाडीला छप्पर हवे. आता छप्पर घालायचेच, तर पत्र्याऐवजी सोलरच्या प्लेटा का घालू नयेत? सावलीही मिळेल आणि वीजही मिळेल. पण हे काम साध्या छपरासारखे उरकून चालत नाही. ते कसे करावे, हे आम्ही सांगतो.

आधी माप पाहू. मोठी प्लेट साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असते. अशा दोन प्लेटा शेजारी शेजारी ठेवल्या की खाली दोन गाड्या बसतात. दोन्ही मिळून सुमारे १ किलोवॅट होतात. स्वच्छ उन्हाच्या दिवशी त्या सुमारे ४ युनिट वीज देतात. विजेवरची स्कूटर एकदा भरायला एवढी वीज बहुधा पुरते.

जागा उन्हाची निवडा. प्लेटेच्या एका कोपऱ्यावर झाडाची सावली पडली तरी वीज बरीच घटते. छपराचा उतार दक्षिणेला ठेवा. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला दक्षिण. आपल्या महाराष्ट्रात दर तीन फुटांना एक फूट उतार बरा. म्हणजे दक्षिणेचे खांब सहा फूट, तर उत्तरेचे सुमारे साडेआठ फूट. गाडी उत्तरेकडून आत घ्यावी. दोन प्लेटांच्या मधल्या फटीखाली पत्र्याची पन्हळ बसवा, नाहीतर पाणी नेमके सीटवर गळेल.

आता खरी गोष्ट ऐका. पुष्कळांना वाटते, छप्पर वजनाने पडेल. तसे नाही. दोन प्लेटांचे वजन ६० किलोच्या आतबाहेर असते. एवढे ओझे चार खांब सहज पेलतात. भीती आहे ती वाऱ्याची. वावटळीत हातात सूप धरून उभे राहा. वारा सूप खाली दाबत नाही, हिसकून वर नेतो. वळवाच्या वादळात छपराचे तेच होते. उडालेली प्लेट माणसाचा जीव घेऊ शकते.

म्हणून छपराला खाली धरून ठेवणारे वजन हवे. प्रत्येक खांबाला दीड फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्या. तो काँक्रीटने भरला की एका खांबाला सुमारे ३०० किलो वजन मिळते. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तेथे मुरूम लागेपर्यंत खणा. खांब जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचे घ्या. खांबांना तिरके आधार द्या. प्लेटा तारेने बांधू नका. नटबोल्टने आवळा आणि दर मृगाआधी ते पुन्हा तपासा.

विजेचे काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. ऊन आहे तोवर प्लेटेच्या तारेत वीज असतेच. घरातले बटण बंद केले तरी ती जात नाही. खांबांना अर्थिंग हवेच.

आणखी एक. गावच्या लाइनला जोडलेले सोलर वीज गेली की आपोआप थांबते. हा बिघाड नव्हे. ते चालू राहिले, तर खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसेल. वीज गेल्यावरही दिवा हवा असेल, तर बॅटरीचा खर्च वेगळा करावा लागतो.

घरच्या सोलरसाठी केंद्र सरकारने २०२४ साली योजना सुरू केली. तिच्यात १ किलोवॅटला ३० हजार रुपये अनुदान ठरले. परसातल्या छपराला ते मिळेल का, हे सामान घेण्याआधीच वीज कंपनीच्या कचेरीत विचारा. उत्तर लेखी घ्या. आता तुम्हांला वाचता येते. कागद स्वतः वाचा आणि मगच सही करा.